मागच्या ॲक्सलचा आवाज : खोलण्याआधी ओळखा

मोटार दुरुस्तीच्या धंद्यात आपल्या समाजातील कारागीर मोठ्या संख्येने आहेत. उस्तादाच्या हाताखाली पाने-पकडी देत देत शिकलेला मुलगा पुढे स्वतःचे गॅरेज टाकतो, हे चित्र महाराष्ट्रातील बहुतेक तालुक्यांच्या गावी दिसते. या कारागिरांच्या हाताला वळण असते आणि मेहनतीची तयारीही असते. उणीव असते ती दोष ओळखण्याच्या शिस्तीची. दोष नीट न ओळखता खोललेले काम ग्राहकाला महाग पडते आणि कारागिराचे नावही घालवते. मागच्या ॲक्सलचा आवाज हे याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे.

शेतावर, डोंगरात, नदीच्या पात्रात जाणाऱ्या जीप जातीच्या गाड्यांत ही तक्रार वारंवार येते. आवाज मागून येतो एवढेच मालकाला कळते. त्यावर मिस्त्री "क्राउन-पिनियन गेले" असे सांगून मोकळा होतो. हाउसिंग खोलले जाते, महागडा जोड बदलला जातो आणि गाडी रस्त्यावर आली की तोच आवाज पुन्हा ऐकू येतो. कारण दोष टायरमध्ये, चाकाच्या बेअरिंगमध्ये किंवा प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसमध्ये असतो. शिवाय चालू स्थितीतील क्राउन-पिनियन एकदा हलवले, की ते पुन्हा पूर्वीसारखे शांत चालेल याची खात्री राहत नाही. म्हणून या कामाचा पहिला नियम असा की, बाहेरून करता येणारी प्रत्येक तपासणी संपल्याशिवाय हाउसिंगच्या बोल्टला पाना लावू नये.

जीप आणि आपला बाजार

आपल्याकडील जीपचा इतिहास मुंबईत सुरू होतो. १९४५ मध्ये 'महिंद्र अँड महंमद' ही कंपनी स्थापन झाली. तिचे एक भागीदार मलिक गुलाम महंमद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले आणि त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. अमेरिकेच्या विलीस जीपची जोडणी याच कंपनीने भारतात सुरू केली. पुढे जीपचे अनेक नमुने आले. २००० मध्ये बोलेरो आली आणि २०१० मध्ये थार. नमुने बदलले, पण मागे एकसंध नळीचा ॲक्सल, मध्ये हाउसिंग आणि दोन टोकांना चाके ही रचना या गाड्यांत टिकून राहिली. त्यामुळे पुढील तपासणी जुन्या जीपला लागू पडते, तशीच नव्या थारलाही लागू पडते.

आवाज फसवतो का?

इंजिनाची ताकद प्रोपेलर शाफ्टमधून पिनियनला मिळते. पिनियन क्राउनला फिरवतो. क्राउनबरोबर डिफरन्शिअलचा पिंजरा फिरतो. पिंजऱ्यातील लहान गिअर दोन्ही बाजूंच्या शाफ्टना फिरवतात आणि शाफ्ट चाकांना. हे सर्व भाग लोखंडाच्या एकाच नळीला जोडलेले असतात. लोखंडातून आवाज फार लवकर पसरतो. डाव्या चाकाच्या बेअरिंगची घरघर उजव्या बाजूलाही ऐकू येते आणि मधल्या गोळ्यातूनही येते. त्यातच हार्डटॉपच्या पत्र्यात ती घुमते. म्हणून गाडीत बसून नुसत्या कानाने जागा ठरवू नये. आवाज केव्हा येतो, केव्हा थांबतो आणि किती वेळा येतो, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी काढावीत.

ग्राहकाला विचारावयाचे प्रश्न

आवाज अचानक सुरू झाला की हळूहळू वाढला? गाडी अलीकडे पाण्यातून किंवा खोल चिखलातून गेली होती काय? टायर, क्रॉस, बेअरिंग किंवा ऑइल नुकतेच बदलले काय? मागे जादा वजन भरले होते काय? डांबरी रस्त्यावर चारही चाकांचा गिअर लावून गाडी चालवली काय?

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. जुन्या जीपमध्ये आणि थारमध्ये चार चाकांचा गिअर लावला की पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांशी घट्ट बांधले जातात. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. माती किंवा वाळूत टायर थोडा घसरतो आणि हा फरक निघून जातो. कोरड्या डांबरी रस्त्यावर तो निघत नाही. सगळ्या शाफ्टना पीळ बसतो, टायर उडी घेतात, मागून धाड् असा आवाज येतो आणि लिव्हर निघता निघत नाही. अशा वेळी गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्यावी, म्हणजे पीळ सुटतो आणि लिव्हर निघतो. येथे गाडीत काही बिघडलेले नसते. चालकाला योग्य वापर समजावून सांगणे हीच दुरुस्ती होय.

प्रथम डोळ्यांनी पाहावे

गाडीखाली जाऊन स्वच्छ उजेडात पुढील गोष्टी पाहाव्यात. पाट्यांचे यू-बोल्ट सैल आहेत काय? पाट्यांचा मधला बोल्ट तुटून ॲक्सल एका बाजूला सरकला आहे काय? सायलेन्सरचा पाइप ॲक्सलला किंवा चासीला लागतो काय? स्टेपनीचा स्टँड हलतो काय? ब्रेक ड्रम आणि त्यामागची प्लेट यांच्यामध्ये खडा अडकला आहे काय? एक लहानसा खडा एवढा कर्कश आवाज करतो, की ऐकणाऱ्याला संपूर्ण ॲक्सल संपल्यासारखा वाटावा.

चिखलातून आलेल्या गाडीच्या रिमच्या आतल्या बाजूला आणि प्रोपेलर शाफ्टवर चिखल वाळून घट्ट बसतो. त्याने तोल जातो, गाडी थरथरते आणि विशिष्ट वेगाला गुंजन सुरू होते. अशी गाडी तपासण्यापूर्वी खालून धुऊन घ्यावी. कित्येकदा धुण्यातच काम संपते.

मोठ्या गट्टूंचे चिखलाचे टायर डांबरी रस्त्यावर नेहमीच हूं हूं करतात. ते ओळखण्याची खूण सोपी आहे. डांबरी रस्ता सोडून मऊ मातीवर येताच आवाज बदलला किंवा नाहीसा झाला, तर तो टायरचा. पुढचे टायर मागे लावून पाहावे. आवाजाने जागा बदलली तर शंका उरत नाही. मागच्या दोन टायरचे माप सारखे आहे काय, हेही मोजावे. एक नवा आणि एक झिजलेला टायर असेल तर सरळ रस्त्यावरही डिफरन्शिअलमधील लहान गिअर सतत फिरत राहतात आणि विनाकारण झिजतात.

ऑइल काय सांगते

ऑइल तपासताना आधी वरचा भरण्याचा बूच सैल करावा आणि मगच खालचा काढावा. खालचा काढून ऑइल सांडले आणि वरचा गंजून निघालाच नाही, तर गाडी जागेवर अडकते.

ऑइलची पातळी साधारणपणे भरण्याच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत असावी. बुचाच्या लोहचुंबकावर राखाडी लेप दिसला तर तो नेहमीच्या झिजेचा असतो. चमकणारे पापुद्रे, कपच्या किंवा दातांचे तुकडे मिळाले तर मात्र हाउसिंग खोलण्याला सबळ कारण मिळाले असे समजावे.

ऑइल दुधाळ झाले असेल तर आत पाणी शिरले आहे. चालून तापलेला ॲक्सल थंड पाण्यात उतरला की आतील हवा आकुंचन पावते आणि बाहेरून आत ओढ लागते. ॲक्सलच्या वर हवेसाठी लहान नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. तो चिखलाने बुजला असेल तर सीलमधून पाणी ओढले जाते. उलट ॲक्सल तापल्यावर आतला दाब वाढतो, तेव्हा तेच सील ऑइल बाहेर सोडतात आणि ब्रेकचे लायनर भिजतात. म्हणून नुसते ऑइल बदलून भागत नाही, ब्रीदरही साफ करावा. या ॲक्सलमध्ये जी.एल.-५ दर्जाचे गिअर ऑइल लागते. जाडी गाडीच्या पुस्तकाप्रमाणे ठेवावी. क्राउन-पिनियनचे दाते एकमेकांवर घसरत फिरतात. हलके किंवा चुकीचे ऑइल तेथे टिकत नाही.

रस्त्यावरची चाचणी

यासाठी मोकळा, सपाट रस्ता निवडावा. मालकाला शेजारी बसवावे, म्हणजे तो कोणत्या आवाजाबद्दल बोलतो हे दोघांना एकाच वेळी कळते. आवाज मोबाइलवर टिपून ठेवला तर दुरुस्तीनंतर ताडून पाहता येतो.

पहिली चाचणी : आवाज येत असलेल्या वेगाला गाडी न्यूट्रल करावी. इंजिन चालूच ठेवावे, चावी मुळीच फिरवू नये. आवाज तसाच राहिला तर इंजिन आणि क्लच यांची सुटका झाली. दोष टायर, चाक, ॲक्सल किंवा प्रोपेलर शाफ्ट यांच्याकडे आला.

दुसरी चाचणी : त्याच वेगाला एकदा ॲक्सिलरेटर दाबून ओढ द्यावी, एकदा सोडावा आणि एकदा वेग जेमतेम टिकेल इतकाच दाबावा. ओढ देताना किंवा सोडताना आवाजात स्पष्ट फरक पडला, एका स्थितीत शिट्टीसारखा हूं येतो आणि दुसऱ्या स्थितीत थांबतो, तर संशय क्राउन-पिनियनच्या दातांवर किंवा सैल झालेल्या पिनियन बेअरिंगवर जातो. आवाज ओढीने बदलत नाही, फक्त वेगाबरोबर वाढतो, तर चाकाचे बेअरिंग किंवा टायर पाहावे.

तिसरी चाचणी : मोकळ्या जागी हळू वेगाने डावीकडे आणि उजवीकडे लांब वळण घ्यावे. डावीकडे वळताना गाडीचे वजन उजव्या चाकावर पडते. त्या वेळी घरघर वाढली तर बहुतेक वेळा उजव्या चाकाचे बेअरिंग दोषी असते. उजवीकडे वळताना वाढली तर डावे. सरळ रस्त्यावर शांतता आणि फक्त वळणावर कडकड असेल तर डिफरन्शिअलमधील लहान गिअर किंवा त्यांच्या वायसर पाहाव्यात. ते गिअर मुख्यतः वळणावरच काम करतात.

चौथी चाचणी : गाडी पुढे-मागे घेताना, क्लच सोडताना एकच टक् येतो काय? तो मोकळ्या खेळाचा आवाज आहे. क्रॉस, शाफ्टच्या खाचा, पिनियनचा नट, यू-बोल्ट यांपैकी कोठेतरी सैलपणा आहे. हळू वेगात पाखरासारखी चूं चूं येत असेल तर क्रॉसमधील ग्रीस संपले आहे. अशा क्रॉसच्या टोपीभोवती लालसर गंजाची पूड दिसते.

दहा-पंधरा किलोमीटर चालवून आणल्यावर दोन्ही हबजवळ हात नेऊन पाहावा, एकदम टेकवू नये. एक बाजू दुसरीपेक्षा खूपच तापलेली असेल, तर तेथील बेअरिंग तरी सुकले आहे किंवा ब्रेक तरी धरून राहतो आहे.

दात मोजून जागा ओळखणे

ठरावीक अंतराने येणाऱ्या टक् टक् आवाजासाठी साध्या गणिताची मदत होते. जुन्या विलीस लष्करी जीपमध्ये पिनियनला ८ आणि क्राउनला ३९ दाते होते. ३९ भागिले ८ म्हणजे ४.८८. याचा अर्थ चाक एकदा फिरते तेवढ्यात पिनियन आणि प्रोपेलर शाफ्ट जवळजवळ पाच वेळा फिरतात. इतर गाड्यांत दातांची संख्या वेगळी असते, पण पद्धत हीच.

टायरवर खडूची खूण करावी. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून सपाट जागी दोन माणसांनी हळूहळू ढकलावी. ६.००-१६ मापाच्या टायरचा एक फेरा सुमारे सव्वादोन मीटरचा होतो. एका फेऱ्यात आवाज एकदाच आला तर दोष चाकाबरोबर फिरणाऱ्या भागात आहे : टायर, रिम, ड्रम, हब, शाफ्ट किंवा क्राउनचा एखादा तुटका दात. एका फेऱ्यात जवळजवळ पाच वेळा आला तर पिनियन किंवा प्रोपेलर शाफ्ट. या मोजणीला एक रुपयाही लागत नाही आणि निम्म्या शंका तेथेच मिटतात.

गाडी उचलून तपासणी

येथे जिवाचा प्रश्न आहे. बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांवरच असतो. मागची चाके उचलली की तो गाडीला धरून ठेवू शकत नाही. म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट लावावी आणि ॲक्सल मजबूत स्टँडवर टेकवावा. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर गाडी ठेवून खाली जाऊ नये. एकच चाक उचलून इंजिनाने ते कधीही फिरवू नये. लॉक होणाऱ्या डिफरन्शिअलमध्ये जमिनीवरच्या चाकाला ओढ मिळते आणि गाडी जॅकवरून उडी मारते.

चाक वर-खाली धरून हलवावे. खेळ जाणवला तर बेअरिंग पाहावे. चाक हाताने सावकाश फिरवावे आणि दुसरा हात पाट्यांवर ठेवावा. खराब बेअरिंगची खरखर पाट्यांत जाणवते. पिनियनची फ्लँज वर-खाली हलवून पाहावी. गोल फिरवताना थोडा खेळ असणे स्वाभाविक आहे, पण वर-खाली खेळ मुळीच असू नये. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक हबवर, पिनियनच्या नाकावर आणि गोळ्याच्या बाजूंवर टेकवून मुठीला कान लावावा. फिरणाऱ्या भागापासून कपडे दूर ठेवावेत. एकाच जागी ऐकून निर्णय घेऊ नये. चारही जागा ताडून पाहाव्यात, सर्वांत जोरात येईल ती जागा खरी.

प्रत्येक टक् म्हणजे बिघाड नव्हे, हेही ध्यानात घ्यावे. २०२० मध्ये आलेल्या थारच्या काही नमुन्यांत आपोआप लॉक होणारे यांत्रिक डिफरन्शिअल आहे. या जातीच्या यंत्रात दोन मागच्या चाकांच्या फिरण्यात मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांचा फरक पडला की लॉक लागते. चिखलात एक चाक घसरले आणि टक् होऊन गाडीने पकड घेतली, तर यंत्र आपले काम करीत आहे. अशा गाडीचे हाउसिंग खोलणे म्हणजे निरोगी माणसाचे पोट फाडणे होय.

कोणत्या आवाजाला गाडी जागेवरच थांबवावी

पुष्कळ जीपमध्ये चाकाचे वजन थेट शाफ्टवर असते आणि शाफ्टला बेअरिंग व त्याची कॉलर धरून ठेवते. ही पकड सुटली तर शाफ्टसकट चाक बाहेर येते. वडाप आणि काळी-पिवळी जीपमध्ये माणसे भरलेली असतात. तेथे हा दोष प्राणघातक ठरतो. चाकाला खेळ असून घरघर, हबजवळ ऑइलची गळती आणि जास्तीची उष्णता ही लक्षणे एकत्र दिसली, तर "गावापर्यंत जाऊ द्या" हे म्हणणे ऐकू नये. गाडी टोचन करून आणावी. धाड् असा आवाज होऊन मागोमाग कडकड सुरू झाली, तरी हाच नियम. तुटलेला दात एका फेऱ्यात संपूर्ण जोड उद्ध्वस्त करतो, आणि अडकला तर मागची चाके जागीच जाम होतात. टायरचे गुंजन, क्रॉसची चूं चूं किंवा जुनी बारीक शिट्टी असेल तर दोन दिवसांची सवड देता येते.

खोलावेच लागले तर

वरील तपासणीत दोष हाउसिंगमध्येच निघाला तर पुढील पथ्ये पाळावीत. बेअरिंगच्या दोन टोप्यांवर डाव्या-उजव्याच्या खुणा कराव्यात. त्यांची अदलाबदल चालत नाही. खोलण्यापूर्वी क्राउन-पिनियनमधील मोकळीक डायल गेजने मोजून लिहून ठेवावी. नव्या जोडात ती अनेकदा ०.१३ ते ०.२३ मिलिमीटरच्या दरम्यान असते, पण आपल्या गाडीच्या पुस्तकातील आकडाच अंतिम मानावा. दातांवर रंग लावून घासल्याची खूण कोठे पडते ते पाहावे.

जुना जोडच परत बसवायचा असेल तर तो पूर्वीच्याच मोकळिकीवर बसवावा. टक् आवाज घालवण्यासाठी शिम बदलून जुने दाते जवळ आणले, तर ते झिजलेल्या जागेवरून हलतात आणि आधी नव्हती ती शिट्टी सुरू होते. नवा घ्यायचा तर क्राउन आणि पिनियन दोन्ही घ्यावेत. कारखान्यात ते एकत्र जुळवलेले असतात, एकटा पिनियन बदलणे म्हणजे पैसे पाण्यात. पिनियनचा नट हाताच्या अंदाजाने आवळू नये. ज्या ॲक्सलमध्ये दबणारी स्लीव्ह असते तेथे नट जास्त आवळला तर स्लीव्ह निकामी होते आणि नवीच घालावी लागते.

धंद्याच्या दृष्टीने

तपासणी हेही काम आहे. त्याची वेगळी मजुरी आधी सांगून घ्यावी. अनेक कारागीर तपासणी फुकट करतात आणि तिची भरपाई खोलण्याच्या मजुरीतून काढतात. मग न खोलता गाडी परत देणे त्यांना परवडत नाही, आणि येथूनच चुकीची सवय लागते. तपासणीची मजुरी ठरलेली असेल तर "तुमच्या गाडीला काही झालेले नाही, टायर बदला" असे सांगताना नुकसान होत नाही.

प्रत्येक गाडीचा एक कागद करावा. त्यावर आवाज कोणत्या वेगाला येतो, ओढीने बदलतो काय, वळणावर बदलतो काय, ऑइल कसे निघाले आणि हब किती तापले एवढे लिहावे. काढलेला जुना भाग ग्राहकाच्या हातात द्यावा. बेअरिंग खात्रीच्या दुकानातून घेऊन त्याचे बिल दाखवावे. दुरुस्तीनंतर मालकाला बसवून त्याच रस्त्यावर त्याच वेगाने पुन्हा फेरी मारावी.

दारात आलेली गाडी ही अमानत असते. वडापवाल्याचे घर तिच्यावर चालते आणि ती चार दिवस उगाच खोलून पडली तर त्याचे चार दिवसांचे उत्पन्न बुडते. जो कारागीर आधी विचारतो, पाहतो, मोजतो आणि मगच पाना उचलतो, त्याचे नाव त्या गाडीबरोबर दहा गावांत जाते.